व्रत आणि परतीची वाट

ऐन विशीच्या उंबरठ्यावर उभा असलेला तरुण वेदीपुढे गुडघे टेकतो आणि ब्रह्मचर्य, अकिंचनता व आज्ञापालन अशी तीन व्रते उच्चारतो. कॅथलिक धर्मसंघांत या विधीला प्रथम व्रतग्रहण म्हणतात. गोमंतकातील हिंदू वाचकाला पाद्री नवा नाही. शाळेच्या दाखल्याला, वाड्यावरच्या फेस्ताला, शेजाऱ्याच्या मयताला तो त्याला पिढ्यान्पिढ्या भेटत आलेला आहे. तथापि त्या पांढऱ्या झग्यापर्यंत पोचण्याची वाट कोणती, त्या वाटेवर किती थांबे आहेत आणि मागे फिरण्याची सोय आहे किंवा नाही, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. ती करण्याची वेळ आता आली आहे असे आम्हांस वाटते, कारण व्रत घेणाऱ्या तरुणाकडे आदराने पाहावे की संशयाने, हा प्रश्न देशाच्या अनेक भागांत आज केवळ तात्त्विक राहिलेला नाही.

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या मराठी मुलखाचे उदाहरण घेऊ. नागपूरहून उत्तरेस निघालेला प्रवासी इटारसीच्या रेल्वेमार्गावर पांढुर्ण्यास उतरला, तर आपण महाराष्ट्राची हद्द ओलांडली आहे हे त्याला पाट्यांवरूनच काय ते कळेल. संत्र्यांच्या बागा त्याच, पोळ्याचा सण तोच, घराघरांतली वऱ्हाडी वळणाची मराठीही तीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या दोन तीरांवरून पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणारी गोटमार देशभर गाजलेली आहे. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्यातील हा पट्टा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ सालच्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. या भागाला ख्रिस्ती धर्म अपरिचित नाही. छिंदवाड्याच्या बाजूस स्वीडनच्या लुथेरन मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आहे. दक्षिणेस नागपुरात सव्हॉय प्रांतातून आलेल्या संत फ्रान्सिस डी सेल्सच्या मिशनऱ्यांनी १८७० साली काढलेली शाळा अजून नांदती आहे. परंतु संख्येने हा समाज फार थोडा. २०११ च्या शिरगणतीत गोव्यात शंभरांत पंचवीस ख्रिस्ती होते; मध्य प्रदेशात हजारात जेमतेम तीन.

संख्या जितकी थोडी तितका झगा अधिक नजरेत भरतो, आणि मध्य प्रदेशात त्या नजरेला इतिहासाची जोड आहे. १९५४ साली नागपूर राजधानी असतानाच तेथील सरकारने निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ साली आला. १९६८ साली त्या राज्याने धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क येत नाही असा निर्वाळा दिला. २०२१ साली त्या जागी अधिक कडक कायदा आला. धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळविले पाहिजे, ही त्यातील अट. ती मोडल्याबद्दल सज्ञान व्यक्तीवर खटले भरू नयेत, असा अंतरिम आदेश त्या राज्याच्या उच्च न्यायालयाने २०२२ च्या नोव्हेंबरात दिला. या कायद्यांच्या इष्टानिष्टतेवर मतभेद असू शकतात. आमचे म्हणणे एवढेच की, धर्मांतर ही एक गोष्ट आणि व्रतग्रहण ही सर्वस्वी दुसरी. ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेला, ख्रिस्ती म्हणून वाढलेला मुलगा आपल्याच धर्मात अधिक कठीण आयुष्य पत्करतो, तेव्हा कोणी कोणाचा धर्म बदलीत नसतो. त्या दोहोंची गल्लत करणे म्हणजे वारकऱ्याच्या गळ्यातील माळेकडे पंचनाम्याच्या दृष्टीने पाहणे होय.

आता या व्रतांचे स्वरूप पाहू. गावच्या चर्चचा प्रत्येक पाद्री ही तीन व्रते घेतोच असे नाही. धर्मप्रांताच्या सेवेतील धर्मगुरू अविवाहित राहण्याचे व आपल्या बिशपाच्या आज्ञेत वागण्याचे वचन देतो. अकिंचनतेचे व्रत त्याला नसते. उस्मानाबादच्या २०२० सालच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष, वसईचे दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे अशा धर्मप्रांतीय धर्मगुरूंपैकी होते. जेझुइट, फ्रान्सिस्कन, सालेशियन, कार्मेलाइट हे व्रतस्थ संघ निराळे. १९८३ सालच्या चर्चच्या कायदेसंहितेने त्यांच्यासाठी घालून दिलेला क्रम आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. सतरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज नोविशिएटमध्ये, म्हणजे उमेदवारीच्या घरात, प्रवेश नाही. तेथे किमान बारा महिने राहावे लागते. अठरा पूर्ण झाल्याखेरीज प्रथम व्रते नाहीत. ती व्रतेही सामान्यतः आजन्म नसतात. तीन ते सहा वर्षांच्या मुदतीची असतात आणि विशेष कारणाने नऊ वर्षांपर्यंत वाढविता येतात. एकवीस वर्षांच्या आत आजन्म व्रते घेता येत नाहीत. धाकाने, जबरदस्तीने वा फसवणुकीने घेतलेले व्रत मुळातच निरर्थक ठरते. आणि मुदत संपली की कोणालाही कारण न विचारता घरी जाता येते.

या व्यवस्थेतील एक बारकावा आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. प्रथम व्रत घेताना तरुणाने आपल्या मालमत्तेची व्यवस्था दुसऱ्या कोणाकडे सोपवावयाची असते. मालकी मात्र त्याचीच राहते. बापाच्या संत्र्याच्या बागेतील त्याचा वाटा त्या दिवशी कोणाच्या घशात जात नाही. जो कायदा परत येणाऱ्यासाठी वाटा राखून ठेवतो, त्याने मनुष्यस्वभाव ओळखला आहे असेच म्हणावे लागेल. चर्चला हे शहाणपण एका दिवसात सुचले नाही. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या परिषदेने उमेदवारीचे एक वर्ष आणि व्रताला सोळा वर्षांचे वय बंधनकारक केले, ते त्यापूर्वी घराण्यांच्या सोयीसाठी कोवळी मुले मठांत ढकलली जात होती म्हणूनच. सध्याचे पोप चौदावे लिओ हे ऑगस्टिनियन संघाचे. त्यांनी प्रथम व्रते १९७८ साली घेतली आणि आजन्म व्रते १९८१ साली. मधली तीन वर्षे त्यांनाही चुकली नाहीत.

त्याच ऑगस्टिनियन संघाचा मोडका मनोरा जुन्या गोव्यात आपण नेहमी पाहतो. येथे गोमंतकीय हिंदूच्या मनात जे उभे राहते ते लपविण्याचे कारण नाही. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली. १५६० साली स्थापन झालेले इन्क्विझिशन १८१२ पर्यंत टिकले. मंगेश, शांतादुर्गा यांना नदीपलीकडे अंत्रुजात आसरा शोधावा लागला. या साऱ्या व्यवहारात व्रतस्थ संघांचे पाद्री होते, हे इतिहासाच्या पानांवर नमूद आहे. परंतु त्याच इतिहासाचे आणखी एक पान आहे, आणि ते आपण क्वचितच उलटतो. ज्यांना ख्रिस्ती केले त्या गोमंतकीयांनाही या संघांनी आपल्या दारात उभे केले नाही. धर्मप्रांतीय पाद्री होण्यास एतद्देशीय चालत. जेझुइट, फ्रान्सिस्कन वा ऑगस्टिनियन होण्यास मात्र गोरे रक्त लागे. बाणावलीत १६५१ साली जन्मलेले जुझे वाझ पाद्री झाले. पण संघजीवनाची ओढ असलेल्या त्यांच्यासारख्या एतद्देशीय पाद्रींना युरोपीय संघांत जागा नव्हती. त्यांनी जुन्या गोव्यात सांताक्रूझ दोस मिलाग्रिस येथे गोमंतकीय पाद्रींचा स्वतंत्र आश्रमसंघ उभारला, आणि पुढे डचांच्या छळाखाली असलेल्या सिंहलद्वीपात वेष पालटून जाऊन आयुष्य वेचले. १७११ साली ते कांडीत निवर्तले. त्यांना संतपद मिळाले २०१५ साली. एतद्देशीय पाद्रींच्या मनातील हीच उपेक्षा १७८७ च्या पिंटोंच्या उठावामागे होती. परकी सत्तेशी झगडलेल्या आमच्या पिढीला या कहाणीतील कळ समजावून सांगण्याची गरज नाही. व्रत घेण्याचा अधिकारही कधी काळी कातडीच्या रंगावर मोजला जात होता.

पुढे तर सरकारनेच मोजमाप हाती घेतले. पोर्तुगालच्या १८३४ सालच्या हुकुमाने सारे पुरुषसंघ बरखास्त झाले आणि दुसऱ्या वर्षी गोव्यातील मठ ओस पडले. ऑगस्टिनियनांच्या चर्चचे छत १८४२ साली कोसळले. मनोऱ्याचा दर्शनी भाग १९३१ साली ढासळला. जुझे वाझ यांचा एतद्देशीय संघही त्याच हुकुमात बुडाला, हे विसरता कामा नये. परकी पाद्री गेले म्हणून तेव्हा कोणाला आनंद झालाही असेल. पण सरकारी कागदाच्या एका फटकाऱ्याने माणसांची व्रते रद्द करता येतात हा पायंडा पाद्रींपुरता राहत नाही. आज चर्चचा मठ, उद्या आपला मठ. १८८७ साली गोमंतकीय पाद्रींनीच पुन्हा नव्याने मिशनरी संस्था काढली. पिलारच्या टेकडीवर, कदंबांच्या गोपकपट्टणाच्या शेजारी, ती आज उभी आहे. पोर्तुगीज राजवट गेली, व्रताची ओढ शिल्लक उरली.

ही ओढ आपल्याला परकी आहे काय? पांढुर्ण्यापासून फारसे दूर नसलेले रिद्धपूर हे महानुभावांचे तीर्थ. तेथे स्त्रीपुरुषांनी संन्यास घेऊन भिक्षेवर राहण्याची प्रथा सात शतकांहून जुनी. अर्वाचीन काळात यावे, तर पुण्यातील डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांपुढे कोणाचा कित्ता होता? जेझुइटांच्या स्वार्थत्यागाचा. अल्प वेतनावर आजीव सदस्यांनी संस्थेला आयुष्य द्यावे हे तत्त्व तेथूनच उचललेले होते, आणि १८९० साली टिळक बाहेर पडले ते याच तत्त्वाला ढळ पोचत असल्याच्या वादातून. १९०५ साली गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापला, तेव्हा प्रत्येक सदस्याला सात प्रतिज्ञा आणि पाच वर्षांची उमेदवारी लावून दिली. टिळक आणि गोखले यांचे फारसे कशात जमले नाही. पण बांधून घेतलेल्या माणसांवाचून संस्था उभी राहत नाही, एवढ्यावर त्यांचे एकमत होते. ज्या समाजाने हे पाहिले आहे त्याने नोविशिएटमधील मुलाला बावळट वा फसविलेला समजावे, हे आपल्याच परंपरेचे अज्ञान होय.

आदर दाखविला म्हणजे प्रश्न विचारावयाचे नाहीत असे मात्र नव्हे. पहिला प्रश्न घरच्यांचा. ज्या घरात दोन एकर कोरडवाहू आणि एकच कर्ता मुलगा आहे, तेथे अकिंचनतेचे व्रत मुलगा घेतो आणि त्याची झळ म्हाताऱ्या आईबापांना लागते. फेडता न येणारे कर्ज असलेल्याला प्रवेश देऊ नये असे चर्चचा कायदा सांगतो. मग आईबापांचे ऋण हेही ऋणच धरावयाचे की नाही? दुसरा प्रश्न शिक्षणाचा. गरीब मुलाला वसतिगृह, इंग्रजी शाळा, महाविद्यालय हे सारे संघाच्या खर्चाने मिळते. त्या उपकाराच्या ओझ्याखाली दबलेला मुलगा मुदत संपल्यावर मोकळेपणाने नाही म्हणू शकतो काय? कागदावरची मोकळीक आणि मनाची मोकळीक यांत अंतर असते. तिसरा प्रश्न पैशाचा. संघातील शिक्षक पाद्री व नन यांचे सरकारी वेतन संघाकडे जाते, व्रताने ते ऐहिक दृष्ट्या मृत झालेले असतात, सबब त्यावर प्राप्तिकर कापू नये, असा दावा वर्षानुवर्षे चालला. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. देवापुढे कोणी मृत असो. राज्यघटनेपुढे तो जिवंत नागरिकच राहतो, हाच त्याचा अर्थ. त्या नागरिकाला मग कराबरोबर हक्कही आले पाहिजेत. पंधरा वर्षे शिकवून बाहेर पडलेल्याला केलेल्या कामाबद्दल काही मागता येत नाही असे चर्चचा कायदा म्हणतो, आणि लगेच संघाने त्याच्याशी न्यायाने व दयेने वागावे असेही म्हणतो. ही दया वरिष्ठांच्या मर्जीवर न सोडता तिचे ठरीव नियम झाले, तर व्रताचे तेज कमी होणार नाही, वाढेल. आज्ञापालनाच्या व्रतालाही हाच न्याय लावावा. वरिष्ठाविरुद्ध तक्रार असेल तर ती ऐकणारा त्या वरिष्ठाखेरीज कोणी हवा. अन्याय मुकाट्याने गिळणे हा व्रताचा भाग होऊ नये.

हे प्रश्न चर्चला विचारावयाचे तर तेच आपल्या मठांना विचारण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे. उडुपीच्या अष्टमठांपैकी शिरूर मठाच्या गादीवर २०२१ साली सोळा वर्षांच्या मुलाला संन्यास देऊन बसविण्यात आले. प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात गेले. अज्ञान मुलाने संन्यास घेण्यास कायद्याची आडकाठी नाही असे सांगून न्यायालयाने याचिका निकालात काढली. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण बालसंन्यासाची परंपरा असलेल्या समाजाने स्वतःच्या मनाशी एक तुलना करून पाहावी. रोमचा कायदा सतरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाला उमेदवारीच्या दारातच थांबवितो आणि अठराव्या वर्षी मुदतीचे व्रत देतो. आपल्याकडे सोळाव्या वर्षी दिलेल्या संन्यासाला मुदत नाही, उमेदवारीचे ठरलेले वर्ष नाही, परतीचे दार नाही. आद्य शंकराचार्यांचे उदाहरण येथे दिले जाईल. शंकराचार्य एकच झाले. नियम शेकडो सामान्य मुलांसाठी करावयाचे असतात. अठरा वर्षांच्या आत कोणालाही न फिरणारी दीक्षा देऊ नये, एवढे आपल्या मठाधिपतींनी आपण होऊन ठरविले, तर सरकारला त्यात नाक खुपसण्याचे निमित्तच उरणार नाही.

परतीच्या दाराची किंमत मराठी माणसाला कोणी परक्याने शिकवावी अशी स्थिती नाही. आळंदीच्या विठ्ठलपंतांनी काशीस जाऊन संन्यास घेतला. घरी तरुण पत्नी आहे हे कळताच गुरूने त्यांना परत संसारात धाडले, असे परंपरा सांगते. गुरूने दार उघडले, गावाने ते लावून घेतले. संन्याशाची पोरे म्हणून चार भावंडांना वाळीत टाकण्यात आले. आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले गेले. पोरक्या मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागली. ज्या मुलांना त्या गावाने नाकारले त्यांत ज्ञानेश्वर होते, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ज्ञानेश्वर निपजले म्हणून त्या क्रौर्याचे समर्थन होत नाही. परत आलेल्या ज्यांच्या घरी ज्ञानेश्वर जन्मले नाहीत, त्यांची नावेही कोणाला ठाऊक नाहीत.

ख्रिस्ती समाजात आज प्रायश्चित्त कोणी सांगत नाही. पण मुदत संपल्यावर व्रत न वाढविता गावी परतलेल्या मुलाकडे बोटे दाखविली जातात, त्याचे काहीतरी बिनसले असणार असे कुजबुजले जाते, ही गोष्ट गोव्याच्या वाड्यांवरही अनोळखी नाही. चर्चच्या कायद्याने जे दार मुद्दाम उघडे ठेवले ते समाजाच्या जिभेने बंद करावे, हा त्या कायद्याचाच अवमान आहे. तीन वर्षे प्रामाणिकपणे व्रत पाळून, हे आपले काम नव्हे असे ओळखून जो परततो, त्याने एक कठीण परीक्षा दिलेली असते. त्याला शिक्षक म्हणून, शेतकरी म्हणून, गृहस्थ म्हणून मान मिळाला पाहिजे. असा मान मिळतो तेथेच मागे राहणाऱ्याचे व्रतही खरे ठरते. ज्याला परतता येत नाही त्याच्या राहण्याला निष्ठा म्हणणे कठीण आहे.

तात्पर्य, चर्चने आपल्याच कायद्यातील मोकळीक प्रत्यक्षात उतरवावी, आईबापांची व परतणाऱ्यांची तरतूद उघड नियमांनी करावी. सरकारने जबरदस्ती व फसवणूक असेल तेथे जरूर हात घालावा. स्वेच्छेने घेतलेल्या व्रताच्या वाटेला जाऊ नये. आणि हिंदू समाजाने पांढुर्ण्याच्या वा पिलारच्या नोविशाकडे पाहताना पाव शतक नव्हे, चार शतकांपूर्वीचा हिशेब त्याच्या माथी मारू नये. देवळे पाडणाऱ्यांचा तो वारस आहे की जुझे वाझांचा, हे त्याच्या पुढच्या आयुष्यावरून ठरेल. व्रत घेण्यास धैर्य लागते. घेतलेले व्रत पाळणाऱ्याला आणि न पेलल्यास ते खाली ठेवून घरी येणाऱ्याला एकाच ओसरीवर बसविण्यासाठी मात्र समाजाकडे मन असावे लागते, आणि ते आपल्याकडे आहे की नाही हे पाहण्यासाठी कोणाच्या नोविशिएटमध्ये डोकावण्याची गरज नाही.